जिन्यातलं मांजर कुणाचं?

मैत्रिणींनो, तुमच्या इमारतीत मांजर आहे का हो? हौसेनं पाळलेलं, गादीवर झोपणारं नव्हे. गळ्यात पट्टा नाही, नाव असलंच तर प्रत्येक मजल्यावर वेगळं, सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग जिना चढणारं आणि दुपारी कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर मुटकुळं करून झोपणारं... असं एखादं? आहे ना? मग त्याच्यावरून भांडणही असणारच!

आमच्याकडे होतं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या सोसायटीची सभा भरली. विषय तीन : गच्चीची गळती, पाण्याच्या टाकीची सफाई आणि गाड्या लावण्याची जागा. गच्चीची गळती पाच मिनिटांत आटोपली. (ती दरवर्षी सभेत आटोपते आणि दरवर्षी गळते!) आणि पुढचे दोन तास आम्ही बोललो ते मांजरांवर. एरवी हळदीकुंकवाला एकमेकींच्या गळ्यात गळे घालणाऱ्या बायका त्या दिवशी अशा तावातावानं भांडल्या, की सेक्रेटरींना चहा लवकर मागवावा लागला.

तळमजल्यावरच्या वहिनींचं पोर नुकतंच रांगायला लागलेलं. त्या म्हणाल्या, ``पायपुसण्यावर घाण, तुळशीच्या कुंडीत घाण. पोर त्या मातीत हात घालतं आणि तोच हात तोंडात! मी दिवसातून किती वेळा फिनेल टाकायचं? तुम्हां वरच्या मजल्यावरच्यांना भूतदया सुचते, निस्तरावं लागतं मला.''

पहिल्या मजल्यावरच्या काकू लगेच उसळल्या. काका गेल्यापासून त्या एकट्याच असतात, मुलगा परदेशात. दोन्ही वेळेला ताटलीभर दूधपोळी जिन्यात ठेवल्याशिवाय त्या स्वतः जेवत नाहीत. ``त्या मुक्या जिवांनी तुमचं काय घोडं मारलंय गं? माझ्या दाराशी दिवसभरात दुसरं कोण येतं? तीच येतात.'' यावर कोण काय बोलणार!

पण बोलले. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर बोलले. सदा शांत असणारा माणूस. त्यांच्या बाल्कनीतल्या मनीप्लॅंटच्या वेलात बुलबुलानं घरटं केलं होतं. मास्तर पंधरा दिवस त्या बाल्कनीत पाय टाकत नव्हते, कपडेसुद्धा आत वाळत घालत होते. पिलांना पिसं फुटली, आणि एका रात्रीत सगळं संपलं. ``मुके जीव तेही होते, काकू,'' एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले.

शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. पाच-सहाशे रुपये घेऊन तो मांजरं पोत्यात घालणार आणि गावाबाहेर सोडून येणार. ना पाप, ना कटकट! मतदान झालं. बहुतेक हात वर गेले.

माझा हात गेला नाही. का गेला नाही, ते आज तुम्हांला सांगते. सभेत सांगायचं धाडस मला झालं नव्हतं.

भाजीच्या पिशवीतली तीन पिलं

आम्ही तेव्हा जुन्या घरात राहत होतो. मला दुसऱ्या खेपेचे सहा महिने झालेले. एक ठिपक्यांची मांजरी घरात येऊनजाऊन असायची. तिनं एके दिवशी कपड्यांच्या कपाटात, नेमकी माझ्या ठेवणीतल्या साड्यांवर तीन पिलं घातली. सासूबाई म्हणाल्या, ``असू दे गं. मांजर आपल्या पिलांना सात घरं फिरवते. आठ दिवसांत आपणहून हलवेल.''

पण मला कुणीतरी सांगितलं होतं, गरोदर बाईच्या घरात मांजर नको, पोटातल्या बाळाला धोका असतो. काय धोका, कसा धोका, हे मी विचारलं नाही आणि सांगणारीलाही ते ठाऊक नव्हतं. मी मनात घेतलं, झालं! सासूबाई देवळात गेलेल्या, मांजरी बाहेर गेलेली. मी ती तीन पिलं भाजीच्या पिशवीत घातली, रिक्षा केली आणि मंडईच्या मागच्या बाजूला, जिथे मासळीवाल्या बसतात, तिथे एका कट्ट्याच्या आडोशाला पिशवी ठेवून आले. मनाची समजूत घातली, इथे खायला पुष्कळ आहे, जगतील.

त्यांचे डोळे उघडले नव्हते. मासळी कुठली खाणार ती? पण एवढा विचार त्या क्षणी नाही करत माणूस.

ती मांजरी तीन रात्री आमच्या घरात ओरडत फिरली. कपाटाच्या दाराला नखं लावी, माझ्या खाटेखाली येऊन बसे, माझ्या तोंडाकडे बघे. माझ्या पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि ती खाली बसून रडत होती. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. भाजीचं निमित्त करून मंडईत गेले. कट्ट्याच्या आडोशाला काही नव्हतं. मी इकडेतिकडे बघते आहे, हे शेजारच्या भाजीवालीनं पाहिलं. म्हणाली, ``ताई, ती पिशवी तुमचीच ना हो? दोन त्याच दिवशी गाडीखाली गेली. एक कुणीतरी उचलून नेलं.'' आणि मग, रागानं नव्हे, सहजच : ``पिशवी चांगली होती, मी धुऊन ठेवलीय. देऊ का?''

ती पिशवी मी घेतली नाही.

आता यातली खरी गंमत... छे, गंमत कसली! तीन महिने व्हायच्या आत त्याच मांजरीनं आमच्या माळ्यावर पुन्हा पिलं घातली. म्हणजे जे पाप केलं, त्यानं प्रश्न सुटला म्हणावं, तर तेही नाही. पुढे एका पशुवैद्यांनी मला त्याचं कारण सांगितलं. पिलं गेली, की मांजरी लवकरच पुन्हा माजावर येते, आणि तिचे दिवस भरायला लागतात अवघे नऊ आठवडे. चार-पाच महिन्यांची मांजरीसुद्धा गाभण राहू शकते. एका खेपेला तीन, चार, पाच पिलं, आणि वर्षाकाठी दोन-तीन खेपा. हिशेब तुम्हीच करा.

सेक्रेटरींच्या तोडग्याला मी हात का वर केला नाही, ते आता कळलं ना? गावाबाहेर सोडलेलं मांजर एकतर उपाशी मरतं, गाडीखाली मरतं, नाहीतर अर्धा गाव ओलांडून परत यायला बघतं. आणि इमारतीतली त्याची जागा काही मोकळी राहत नाही. जिथे उघडा कचरा आहे, उंदीर आहेत, आयती ताटली आहे, तिथे पलीकडच्या गल्लीतलं दुसरं मांजर येतं. पोतंवाल्याला दरवर्षी पाचशे रुपये देत बसायचं, एवढंच!

देवीचं वाहन की ढोंगी साधू?

एक मात्र खरं, की या प्राण्याबद्दल आपल्या मनाचा गोंधळ आजचा नाही. मांजर आडवं गेलं, की आपण दोन पावलं मागे येतो. आणि तेच मांजर हातून मेलं, तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपल्या आज्या बजावत असत. अपशकुनीही तेच आणि मारायला सर्वांत महागही तेच!

जुन्या गोष्टींतही हीच तऱ्हा. पंचतंत्रातला दधिकर्ण बोका आठवतो? साधूचा आव आणून सशाचं आणि कपिंजल पक्ष्याचं भांडण मिटवायला बसला आणि दोघांनाही मटकावून मोकळा झाला. तमिळनाडूत महाबलीपुरमला सातव्या शतकातलं प्रचंड शिल्प आहे. त्यात एक मांजर पुढचे पंजे वर करून तपश्चर्येला उभं आहे, आणि पायाशी उंदीर! इतकं नाव खराब.

आणि दुसरीकडे? आपल्याकडे बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई पुजतात. ही सटवाई म्हणजेच षष्ठी देवी. बंगालमध्ये या षष्ठीचं वाहन आहे मांजर. तिथे ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला तिचं व्रत करतात, त्याची कहाणी मोठी बोलकी आहे. एक सून चोरून खायची आणि आळ मांजरावर घालायची. मांजराला मार बसायचा. मग सुनेला मुलं होऊ लागली, तशी मांजर प्रत्येक बाळ रात्रीतून उचलून देवीकडे नेऊन ठेवू लागली. शेवटी सुनेनं मांजराची क्षमा मागितली, तेव्हा मुलं परत मिळाली.

मी ही कहाणी फार उशिरा वाचली. वाचली, तेव्हा मंडईतला तो कट्टा डोळ्यांपुढे आला. माझ्या बाळाच्या सहावीला सासूबाईंनी न बोलता थोडा दूधभात त्या मांजरीसाठी बाजूला काढून ठेवला होता. तो का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

उपयोगाच्या बाबतीतही तेच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षं देशभर फिरला. तेव्हा अमरावतीकडे असलेले ब्यूकॅनन नावाचे एक सरकारी डॉक्टर सांगत होते, की ज्या गावांत मांजरं पुष्कळ, तिथे उंदीर कमी आणि म्हणून प्लेगही कमी. त्यांनी १९०८ च्या सुमारास यावर लिहिलंही. आज आपल्याला हेही ठाऊक आहे, की मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि त्याच्यापासून माणसालाही. म्हणजे इथेसुद्धा गुण आणि दोष एकाच पोटी!

आणि मास्तरांचं दुःख? त्याला तर जगभरचा पुरावा आहे. न्यूझीलंडजवळ स्टीव्हन्स नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथे दीपगृह बांधलं गेलं, माणसं आली, माणसांबरोबर मांजरं आली. त्या बेटावर उडता न येणारा एक इवलासा पक्षी होता. तो शास्त्रज्ञांना प्रथम कळला तो १८९४ साली, मांजरानं मारून आणला म्हणून, आणि थोड्याच काळात तो पृथ्वीवरून नाहीसाही झाला. आपल्या बाल्कनीतला बुलबुल असा नाहीसा होणार नाही, हे खरं. पण ज्यानं पंधरा दिवस जपलं, त्याच्यापुरतं ते घरटं म्हणजे सगळं जगच की हो!

सगळ्यांचंच थोडं बरोबर, थोडं चूक

सभेनंतर मी खूप विचार केला. वहिनी दुष्ट नाहीत, काकू वेड्या नाहीत, मास्तर हट्टी नाहीत. मग घोडं पेंड खातं कुठे? मला वाटतं, आपण सगळ्याच जणी काम अर्ध्यावर सोडतो. काकू पोटाला घालतात, पण त्या पोटातून येणाऱ्या पिढीची जबाबदारी घेत नाहीत. आम्ही हाकलतो, पण कचऱ्याच्या बादलीवर झाकण ठेवत नाही. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, असं आपण म्हणतो, पण शिंकं तुटकं ठेवलं कुणी? मी तर सगळ्यांत पुढची! पिशवी ठेवून आले आणि मागे वळून पाहिलं नाही.

काकूंना मी एका दुपारी हेच सांगायला गेले. म्हटलं, काकू, तुमच्या मांजरीला दर खेपेला चार पिलं होतात, त्यांतली मोठी होतात किती? काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ``एखादं. बाकीची... मी मोजत नाही गं.'' त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खायला घालणारीलाच ती मेलेली पिलं उचलावी लागतात, हे आपल्याला कुठे दिसतं!

आणि ज्यांना मांजर मुळीच आवडत नाही, त्यांनाही नाकं मुरडू नका. आपलं दार, आपली कुंडी, आपलं पोर स्वच्छ राहावं असं वाटणं हा काही गुन्हा नाही. मांजर आवडलंच पाहिजे अशी सक्ती कुणी कुणावर करू नये. छळ करायचा नाही, एवढं मात्र प्रत्येकीनं पाळावं.

मग आम्ही काय केलं?

पोतंवाल्याला नको म्हणून सांगितलं. महिनाभराची मुदत मागून घेतली. घरटी दोनशे रुपये गोळा केले. (मास्तरांनी पाचशे दिले, बरं का!) एका पशुवैद्यांकडून पिंजरा आणला आणि तीन मांजरी नि एक बोका यांची शस्त्रक्रिया करून घेतली. बेशुद्ध असतानाच कानाचं टोक किंचित कापतात. दुरून कान पाहिला, की या मांजराची शस्त्रक्रिया झालेली आहे हे कळतं, आणि त्याला पुन्हा कुणी धरत नाही. मोठ्या शहरांत पालिकाही आता हे काम हाती घेऊ लागल्या आहेत. मुंबईत २०१९ पासून मांजरांसाठी असा कार्यक्रम सुरू झाला. तुमच्या गावात काय सोय आहे, ते पालिकेच्या आरोग्य खात्यात किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लाजू नका, मीही विचारलं.

ही सगळी खटपट करताना जे शिकले, ते तुमच्यासाठी नीट लिहून देते. कापून ठेवा.

१) आधी आठवडाभर मांजरांना एकाच जागी, एकाच वेळी खायला घाला. त्यांना सवय लागते. धरायच्या आदल्या रात्री काही घालू नका. सकाळी पिंजऱ्यात मासळीचा वासाचा तुकडा ठेवा. मांजर आत गेलं, की पिंजऱ्यावर लगेच चादर टाका. अंधारात ते शांत होतं. नुसत्या हातांनी धरायला मुळीच जाऊ नका.

२) अंगावर पिणारी पिलं असतील, तर त्या मांजरीला थांबवा. पिलं दोन महिन्यांची होऊन आपलं आपण खाऊ लागली, की मग न्या. मात्र त्यापुढे दिरंगाई नको, ती पुन्हा गाभण राहील.

३) शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस राहू द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. ओळखीच्या जागी ते जगतं, आणि नव्या मांजरांना सहसा जागा देत नाही.

४) खायला घालायची जागा जिन्यात, दाराशी, मुलांच्या खेळण्याच्या जागेत नको. एखादा आडबाजूचा कोपरा ठरवा. अर्ध्या तासात ताटली उचलून जागा पुसून घ्या. उरलेलं अन्न पडून राहिलं, की उंदीर, घुशी आणि शेजाऱ्यांचा राग, तिन्ही येतात.

५) काकूंची दूधपोळी प्रेमाची, पण मांजराच्या पोटाला ती पुरत नाही. मांजर जात्याच मांसाहारी. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, ढाळ होतात, आणि ती घाण वहिनींच्या दाराशी! घरात मासळी चालत नसेल, तर बाजारात मांजरांचं कोरडं खाणं मिळतं. ते मूठभर, आणि शेजारी स्वच्छ पाणी.

६) कुंडीत घाण करतात? मातीवर गोटे किंवा नारळाच्या शेंड्या दाटीनं पसरा. उकरता आलं नाही, की मांजर दुसरी जागा शोधतं. संत्र्या-मोसंब्याच्या सालींचा वासही त्यांना सहसा आवडत नाही. एका कोपऱ्यात मोठ्या घमेल्यात कोरडी वाळू ठेवून पाहा. आमच्याकडे निम्मं काम त्यानं झालं. वाळूतली घाण मात्र रोज काढायची.

७) फिनेल आणि डांबरगोळ्या टाळा. पायाला लागलेलं मांजर चाटतं, आणि ते त्याला विषारी असतं. रांगत्या बाळालाही या वस्तू चांगल्या नाहीतच. साबणाच्या गरम पाण्यानं जागा धुवा, वरून व्हिनेगरचं पाणी फिरवा. आणि आजारी मांजराला दया येऊन घरातली तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं.

८) पक्ष्यांचं घरटं असेल, तर त्या दिवसांत बाल्कनीच्या कठड्याला जाळी लावा. मास्तरांनी आता कायमची लावली आहे.

९) मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा! हळद, चुना, तिखट काहीही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. पिसाळणं हे फक्त कुत्र्याचंच असतं असं नाही. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली, की त्यावर इलाज नाही. लहान मुलं ओरखडा लपवतात, तेव्हा न रागावता विचारा.

ज्यांना दिवस गेले आहेत, त्यांच्यासाठी

मला कुणीतरी भीती घातली होती ना, ती अगदीच खोटी नव्हती. अर्धवट होती, आणि म्हणूनच तिनं घात केला. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म जंतू आहे. उंदीर किंवा कच्चं मांस खाल्लेल्या मांजराच्या विष्ठेतून तो काही दिवस बाहेर पडतो. गरोदरपणात त्याची प्रथमच लागण झाली, तर पोटातल्या बाळाला इजा पोहोचू शकते. म्हणून दिवस गेलेल्या बाईनं मांजराची घाण स्वतः काढू नये. घरातल्या दुसऱ्या कुणी ती रोजच्या रोज काढावी, कारण तो जंतू बाधायला निदान एक दिवस तरी जावा लागतो. बागेतल्या मातीत हात घालताना हातमोजे घालावेत. भाज्या नीट धुवाव्यात आणि मटण पुरतं शिजवावं. ही लागण कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होते, बरं का. शंका असेल, तर डॉक्टरांना विचारा, रक्ताची तपासणी करता येते. नुसतं मांजर घरात असण्यानं किंवा अंगावरून हात फिरवल्यानं सहसा काही होत नाही.

एवढं मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर!

कायदा काय म्हणतो?

सभेत कुणीतरी पुटपुटलं होतं, ``खाण्यात काहीतरी घाला, विषय संपेल.'' तुमच्या कानावर असं आलं, तर स्पष्ट सांगा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ३२५ व्या कलमाखाली प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार (१९६०) प्राण्याला उपासमार होईल अशा जागी टाकून देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे माझी ती भाजीची पिशवीसुद्धा! त्याला पहिल्या खेपेचा दंड पन्नास रुपयांपर्यंत. कोथिंबिरीच्या दोन-तीन जुड्यांची किंमत. पण दंड स्वस्त म्हणून कृत्य स्वस्त होत नाही, हे मी तुम्हांला अनुभवानं सांगते.

२०२३ साली प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नवे नियम आले. ते मुख्यतः रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी असले, तरी त्यांतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. मोकळ्या प्राण्यांना खायला घालायची जागा आणि वेळ रहिवाशांनी मिळून ठरवावी, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, आणि खायला घालणाऱ्यानं घाण होऊ देऊ नये, असं त्यांत म्हटलं आहे. काकूंचंही राहिलं आणि वहिनींचंही!

आता आमच्या इमारतीत सगळं गोडीगुलाबीचं झालं, असं म्हणाल तर नाही हो. एक काळी मांजरी काही केल्या पिंजऱ्यात येत नाही. तिनं दिवाळीत पिलं घातलीच. त्यांतली दोन काकूंनी ओळखीत दिली, एक मेलं, एक जिन्यात आहे. वहिनींना मांजर अजूनही आवडत नाही. मास्तर मांजरांशी अजून बोलत नाहीत. पण दर महिन्याला पत्र्याच्या डब्यात दहा-दहा रुपये पडतात, त्यांत वहिनींचे दहा असतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ``मला ती आवडतात म्हणून नव्हे हं. कमी व्हावीत म्हणून देते.'' म्हटलं, चालेल की! कारण वेगळं असलं, तरी डबा एकच आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळी दूध घ्यायला दार उघडाल, तेव्हा जिन्यातल्या मांजराचा कान बघा. टोक कापलेलं असेल, तर तुमच्या इमारतीत कुणीतरी शहाणं माणूस आहे, त्याचे आभार माना. नसेल, तर समोरच्या वहिनींचं दार वाजवा. मांजर त्यांना आवडतं की नाही, हे विचारू नका. दहा रुपये देता का, एवढंच विचारा.